रस्ता नको, मुक्काम ओळख: रोबोला माणसाच्या हाताचा अंदाज शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा हा प्रोजेक्ट आहे. टेबलाच्या एका बाजूला माणूस स्क्रू, वॉशर, प्लेट जोडत बसतो, समोरचा छोटा रोबो आर्म त्याला पुढचा भाग सरकवून देतो. टेबलावर सहा ट्रे आहेत. माणसाचा हात कुठल्या ट्रेकडे निघालाय हे तो पोचायच्या आधी रोबोला कळायला हवं. तिने डेप्थ कॅमेरा (प्रत्येक बिंदू किती दूर आहे तेही मोजणारा) लावला, वर्गातल्या दहा जणांचा डेटा घेतला, एलएसटीएम (ओळीने येणाऱ्या आकड्यांवरून पुढचा आकडा सांगायला शिकणारं) नेटवर्क शिकवलं. लॅपटॉपवर निकाल झकास. टेबलावर मात्र रोबो उशिरा हलतो, चुकीच्या ट्रेकडे जातो, मध्येच थिजतो. "सर, मॉडेल मोठं करू की डेटा वाढवू?"

एकेरीत बोलतो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, आणि 'आपण आपले मॉडेल' असं लिहायला लागलो की माझं लिखाण सरकारी परिपत्रकासारखं होतं.

उत्तर: सध्या दोन्ही नको. तुझं नेटवर्क हाताचा पुढचा रस्ता बिंदू-बिंदूने सांगायला धडपडतंय. रस्ता सोड, मुक्काम ओळख. कुठे पोचायचंय आणि किती वेळात, एवढं कळलं की मधला रस्ता माणसाचं शरीर जवळपास एकाच पद्धतीने आखतं. ती पद्धत चाळीसेक वर्षांपूर्वीच कागदावर आली आहे, ती नव्याने शिकायला नेटवर्क कशाला राबवायचं?

पण आधी लॅपटॉप तुला का फसवतोय ते बघू. मला दोन जागी संशय आहे. एक, तू डेटाचे छोटे तुकडे करून ते पिसले असणार आणि ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के तपासायला ठेवले असणार. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच हालचालीचा पहिला तुकडा शिकवण्यात आणि पुढचा परीक्षेत. पेपर फुटलाच की. एक अख्खा माणूस बाजूला ठेव, उरलेल्या नऊ जणांवर शिकव, दहाव्यावर तपास, आणि हे दहा वेळा कर. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

दुसरी जागा जास्त लबाड आहे. कॅमेऱ्यातून आलेला मनगटाचा बिंदू थरथरतो म्हणून तू त्यावर फिल्टर लावलास. बहुतेक जण डेटावर एकदा पुढून, एकदा मागून फिरणारा बटरवर्थ (थरथर गाळणारा एक नेहमीचा फिल्टर) लावतात, कारण त्यात उशीर होत नाही. का होत नाही? तो पुढचा डेटा बघून मागचा सुधारतो म्हणून. म्हणजे तुझ्या मॉडेलला हात कुठे जाणार ते फिल्टरनेच कानात सांगितलं. टेबलावर पुढचा डेटा कुठून आणणार? तिथे एकाच दिशेने चालणारा फिल्टर लागतो, आणि ६ हर्ट्झवर कापणारा दुसऱ्या क्रमाचा साधा बटरवर्थसुद्धा सुमारे ३७ मिलिसेकंद मागे राहतो. मी स्वतः या खड्ड्यात पडलोय, तेही गिऱ्हाइकासमोर डेमो देताना.

फिल्टर टाळताही येत नाही. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेममध्ये मनगट एक सेंटिमीटर खोटं सरकलं, तर वेगात सेकंदाला ३० सेंटिमीटरची चूक येते. त्याच वेगाचा फरक घेऊन त्वरण काढलंस तर चूक ९ मीटर प्रति सेकंद वर्ग, जवळपास गुरुत्वाकर्षणाइतकी! म्हणून कॅमेऱ्याच्या डेटातून त्वरण काढून ते नेटवर्कला भरवू नकोस. तो नुसता गोंगाट असतो, माहिती नव्हे.

आता हात. दादर स्टेशनबाहेर एखाद्या वडापावच्या गाडीसमोर दहा मिनिटं उभी राहा. वडापाव खा, पण नजर त्या माणसाच्या हातावर ठेव. पाव उचलला, चिरला, चटणी, वडा, मिरची, कागद. गिऱ्हाईक डावीकडे असलं तर कोपर वर जातं, गर्दी अंगावर आली की कोपर पोटाशी चिकटतं. खांद्याचे, कोपराचे कोन दर वेळी वेगळे. चमचा मात्र चटणीच्या डब्यात दर वेळी बरोबर पडतो. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईनने कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून हातोडा मारतानाचे फोटो घेतले, त्यात हेच दिसलं. हातोड्याचं टोक जितकं नेमाने फिरतं तितके सांधे फिरत नाहीत. एक सांधा चुकला की दुसरा सांभाळून घेतो. त्यामुळे सांध्यांचे कोन घेऊन भविष्य सांगायला बसलीस तर जे सगळ्यात जास्त बदलतं त्याच्याच मागे लागशील. तळहात धर.

हाताला साधारण सात स्वातंत्र्यं (म्हणजे स्वतंत्रपणे वळायचे प्रकार) मोजतात: खांद्याला तीन, कोपराला एक, पुढचा हात पिळायला एक, मनगटाला दोन. तळहात हव्या जागी, हव्या दिशेला न्यायला सहा पुरतात. सातवं उरतं ते कोपराचं. तळहात टेबलावर घट्ट टेकव आणि कोपर वर-खाली कर, लगेच कळेल. याच्याकडे पुढे येतो.

पिएत्रो मोरासोने १९८१ मध्ये दाखवलं की टेबलावर एका जागेहून दुसरीकडे हात नेताना तळहात जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि त्याच्या वेगाचा आलेख घंटेसारखा असतो: हळू सुरुवात, मध्ये शिखर, हळू शेवट. तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये त्याला गणिती रूप दिलं. त्वरण ज्या दराने बदलतं त्याला जर्क म्हणतात, आणि एकूण जर्क कमीत कमी ठेवणारा रस्ता काढला की माणसाच्या हाताशी तो छान जुळतो. सूत्र डोक्यात मावण्याएवढं आहे. हालचालीच्या एकूण वेळापैकी उलटलेला वाटा 'त' धर. मग कापलेल्या अंतराचा वाटा म्हणजे 'त'चा घन गुणिले १०, वजा चौथा घात गुणिले १५, अधिक पाचवा घात गुणिले ६. बस्स.

मेंदू खरंच जर्क मोजत बसतो का, यावर वाद आहेत. १९९८ मध्ये हॅरिस आणि वोल्पर्ट यांनी वेगळं कारण मांडलं: स्नायूंना जितका मोठा हुकूम, तितका त्यात गोंगाट जास्त, म्हणून शेवटी नेम चुकू नये यासाठी शरीर असं गुळगुळीत चालतं. मला स्वतःला हे जास्त पटतं. तुझ्या कामाला मात्र दोन्हींतून तीच घंटा मिळते.

आता हे सूत्र घेऊन पेन-कागदावर बस. ट्रे हातापासून ४० सेंटिमीटरवर, हाताला ०.८ सेकंद लागतात. सरासरी वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर, शिखरवेग त्याच्या १.८७५ पट, म्हणजे ९४ च्या आसपास. पहिल्या ०.२ सेकंदात, म्हणजे पाव वेळ संपल्यावर, हात किती पुढे गेला असेल? १० सेंटिमीटर नाही. जेमतेम ४. त्या क्षणीचा वेग धरून 'असाच चालत राहील' म्हटलं तर आणखी ०.२ सेकंदांनी तुझा अंदाज १४.७ सेंटिमीटरवर येतो, हात असतो २० वर. उलट ०.६ सेकंदाला तोच हिशेब केलास तर तुझा अंदाज ट्रेच्या पलीकडे जवळपास साडेसहा सेंटिमीटर जातो, हात मात्र ट्रेवर थांबलेला. काल्मन फिल्टरमध्ये (थरथरत्या मापांवरून खरी जागा आणि वेग अंदाजणारी पद्धत) स्थिर वेगाचं मॉडेल घालणाऱ्यांचे रोबो आधी मागे पडतात आणि मग अंगावर येतात ते याच कारणाने. काल्मनची त्यात चूक नाही.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट काढ. दोन शेजारचे ट्रे एकमेकांपासून ८ सेंटिमीटरवर आहेत. हात ४ सेंटिमीटर पुढे आला तेव्हा या ट्रेकडचा रस्ता आणि त्या ट्रेकडचा रस्ता यांत आडवं अंतर किती? ८ मिलिमीटर. तुझ्या कॅमेऱ्याचा बिंदू त्याहून जास्त थरथरतो. म्हणजे सुरुवातीच्या ०.२ सेकंदात नुसत्या हातावरून शेजारचे दोन ट्रे ओळखणं कुठल्याही मॉडेलला जमणार नाही, मोठ्या नाही, छोट्याही नाही. माहितीच तिथे नाही. 'डेटा वाढवू का' याचं खरं उत्तर हे आहे.

मग माहिती कुठे आहे? हात निघायच्या आधी. पहिली, कामाच्या क्रमात. स्क्रू घेतल्यावर वॉशर येतो, वॉशरनंतर पुन्हा स्क्रू क्वचित. कुठल्या ट्रेनंतर कुठला, याचं सहा बाय सहाचं कोष्टक एका दुपारी मोजून भर. माझ्या अनुभवात हे साधं कोष्टक निम्मं काम करून टाकतं, पण ते पेपरात छापण्याइतकं दिमाखदार नसतं म्हणून कोणी बोलत नाही. दुसरी, डोळ्यांत. मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चहा करणाऱ्या माणसांच्या नजरेचा अभ्यास छापला. नजर वस्तूवर हाताच्या सुमारे अर्धा सेकंद आधी पोचते. बुबुळं पकडणारा चष्मा तुझ्या बजेटमध्ये बसणार नाही, पण डोकं कुठे वळलंय एवढं साध्या कॅमेऱ्यावरही कळतं. त्यावरून डावे तीन की उजवे तीन, इतकं निवडता आलं तरी भरपूर.

हे सगळं एकत्र कसं बांधायचं? प्रत्येक ट्रे हा एक संशयित मान. हाताचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या वर सलग तीन-चार फ्रेम राहिला की हालचाल सुरू झाली म्हण. प्रत्येक ट्रेसाठी ०.५ पासून १.२ सेकंदांपर्यंतचे काही कालावधी घे, सूत्राने हात आत्ता कुठे असायला हवा ते काढ, आणि खरा हात त्यापासून किती दूर आहे त्यावरून त्या संशयिताला गुण दे. दूर असेल तितके गुण झपाट्याने कमी. मग त्या गुणांचा कोष्टकातल्या शक्यतेशी आणि डोक्याच्या दिशेवरून आलेल्या शक्यतेशी गुणाकार कर. शेवटी सगळ्यांची बेरीज एक होईल असं भाग. पुरावा येईल तशी शक्यता बदलायचं हे बेझचं जुनंच गणित आहे, साध्या लॅपटॉपवर मिलिसेकंदाच्या आत होतं. कालावधी कुठला जास्त संभवतो हे पॉल फिट्सच्या १९५४ च्या नियमावरून ठरव: अंतर दुप्पट झालं किंवा लक्ष्य निम्मं झालं की दर वेळी साधारण तेवढाच जादा वेळ लागतो. बारीक स्क्रू चिमटीत धरायचा असेल तर घंटा एका बाजूला कलते. शिखर लवकर येतं, शेवटची उतरण लांबते. मोठी प्लेट उचलताना तसं होत नाही.

आणि एक सातवा ट्रे ठेव, जो टेबलावर नाही. हात नाकाकडे जातो, मोबाइलकडे जातो, मे महिन्यात तर दर मिनिटाला कपाळाचा घाम पुसायला जातो. 'यापैकी कुठेच नाही' हा संशयित नसेल तर सहा ट्रेंची बेरीज एक करायच्या नादात तुझं गणित घाम पुसणाऱ्या हाताला वॉशरच्या ट्रेमध्ये टाकणार, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

नेटवर्क फेकून दे असं म्हणत नाही. हे सगळं चालू झाल्यावर सूत्र आणि खरा हात यांत जी चूक उरते, ती शिकायला एक छोटं नेटवर्क ठेव. तिथे ते खरंच उपयोगी पडतं.

आता कोपराचं. मुक्कामासाठी तळहात पुरतो, पण रोबो माणसाला आपटू नये यासाठी अख्खा हात हवा, आणि कोपरच बाहेर येऊन धडकतं. त्यासाठी खांदा ते मनगट या रेषेभोवती कोपर किती फिरलंय हा एकच कोन सांभाळ. माणसाची सवय असते, तो कोन फार उड्या मारत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. खांदा हा खिळा ठोकलेला बिंदू नाही. हात उंचावला की पाठीवरचं खांद्याचं पातंही फिरतं, आणि ट्रे लांब असला की माणूस कमरेतून वाकतो. दुसरं, हाताची लांबी. पाठ्यपुस्तकातला ठोकताळा असा की दंड उंचीच्या ०.१८६ पट, पुढचा हात ०.१४६ पट. १५२ सेंटिमीटरच्या बाईचे हे दोन मिळून साडेपन्नास, १७५ च्या मुलाचे ५८. फरक साडेसात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तुझ्या दोन ट्रेंमधलं अंतरच. हे ठोकताळे परदेशी मापांवरून आलेत, म्हणून आंधळेपणाने वापरू नकोस. टेप घेऊन प्रत्येकाचा हात मोज, दोन मिनिटांचं काम आहे.

जाता जाता मुंबईच्या गाळ्यातलं एक दुखणं. जुन्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. रंगीत कॅमेऱ्याचं एक्सपोजर १/१०० सेकंदाच्या पटीत ठेवलं नाहीस तर चित्रात पट्टे सरकतात आणि मनगटाचा बिंदू त्यांच्याबरोबर नाचतो. डेप्थ कॅमेऱ्याला चकचकीत बांगड्या आणि धातूचं घड्याळ आवडत नाही, तिथे डेप्थच्या चित्रात भोक पडतं. बांगड्या काढायला सांगू नकोस. बिंदू मनगटाऐवजी बोटांच्या मुळांवरून घे.

आता माझी फजिती. अंधेरी-मरोळ भागातल्या एका गाळ्यात छोटे भाग जोडायच्या लाइनवर आम्ही असंच काहीसं लावलं होतं. डेटा घेतला ऑफिसातल्या पोरांचा. लाइनवर होत्या वीस वर्षं तेच काम करणाऱ्या एक ताई. त्या ट्रेकडे बघतच नव्हत्या. डावा हात पुढचा स्क्रू चाचपतोय, उजवा आधीचा बसवतोय. आमच्या मॉडेलने दोन हात एकाच वेळी कामात असलेले कधी पाहिलेच नव्हते. तेवढं दुरुस्त केलं, अंदाज बरोबर यायला लागले, तरी काम आधीपेक्षा हळू. दोन दिवस आम्ही कोडमध्ये डोकं घालून बसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, तो माझ्या आधी निघतो ना, मग मी थांबते. त्याला जाऊ देते."

झालं असं होतं: अंदाज बरोबर, रोबो निघाला. रोबो निघाला म्हणून ताईंचा हात थबकला. हात थबकला म्हणून मॉडेलला वाटलं मुक्काम बदलला, रोबो मागे फिरला. तो मागे फिरला म्हणून ताई पुन्हा निघाल्या. दादरच्या पुलावर समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं. रोबो नसताना घेतलेल्या डेटात हे दिसणं शक्यच नव्हतं. मग दोन गोष्टी केल्या. एकदा रोबो निघाला की अर्धा सेकंद त्याने विचार बदलायचा नाही, सुरक्षेचा थांबा सोडून. आणि त्याने सुरुवातीलाच अशा वळणाने निघायचं की कुठे चाललाय ते समोरच्याला दिसावं, भले रस्ता जरा लांबचा पडो. अंका ड्रॅगन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हा भेद नीट मांडलाय: अपेक्षेप्रमाणे हलणं वेगळं आणि हेतू दिसेल असं हलणं वेगळं. तुझ्या रोबोला माणसाचा अंदाज घ्यायचाय, तसाच माणसालाही त्याचा.

सुरक्षेबद्दल ठासून सांगतो. अंदाज कितीही चांगला असो, त्याच्या भरवशावर अंतर कमी करायचं नाही. मानकांत माणूस जवळ येण्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात, आणि अगदी जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग २ मीटर. तुझी यंत्रणा माणूस दिसल्यापासून रोबो पूर्ण थांबेपर्यंत ०.३ सेकंद घेत असेल, तर १.६ च्या हिशेबानेही हात तेवढ्यात ४८ सेंटिमीटर पुढे येतो. रोबो त्या आत पूर्ण वेगात नको. कोबॉट (माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबो) असेल तर त्याची बळाची आणि वेगाची मर्यादा चालू ठेव. रोबोंच्या सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे मानक त्याविषयीच आहे, आणि २०१६ च्या टीएस १५०६६ मधले नियम २०२५ मध्ये त्यातच घेतले गेले. अंदाजाचा उपयोग रोबोने लवकर आणि शहाण्यासारखं निघावं यासाठी. थांबायचं ते मोजलेल्या अंतरावर.

या आठवड्यात मॉडेलला हात लावू नकोस. फोन स्लो-मोशनवर टाक, २४० फ्रेमला. माणसाचा हात, लॅपटॉपची स्क्रीन आणि रोबो एकाच चौकटीत घे. हात निघाल्यापासून स्क्रीनवरचा बिंदू हलेपर्यंत किती फ्रेम, आणि रोबो हलेपर्यंत किती, ते मोज. एक फ्रेम म्हणजे जवळपास ४ मिलिसेकंद. कॅमेरा, मनगट शोधणं, फिल्टर, रोबोचा कंट्रोलर मिळून दीडशे ते दोनशे मिलिसेकंद निघाले तर मला नवल वाटणार नाही. तेवढा उशीर भरून काढणं आणि वर रोबोला निघायला थोडी सवड, इतकंच पुढचं तुला बघायचंय. दोन सेकंद पुढचं सांगणारं मॉडेल तुला नकोच आहे. तो आकडा, सहा बाय सहाचं कोष्टक आणि एका माणसाला बाहेर ठेवून आलेला निकाल, हे तीन कागद घेऊन पुन्हा लिही. कोष्टक भरताना कोणी डावखुरा असेल तर त्याचं वेगळं ठेव.